मेडिकल टाकण्याआधी: औषधांचं लायसन्स कसं काढायचं आणि कसं टिकवायचं

“गाळा घेतलाय, फर्निचर चालू आहे, आता लायसन्सचं तेवढं सांगा.” मेडिकल टाकू पाहणारे बहुतेक जण माझ्याकडे या टप्प्यावर येतात. मग मी मोजपट्टी घेऊन त्यांच्याबरोबर गाळ्यावर जातो. एका पोराचा गाळा करारात ‘शंभर फुटी’ होता. औषध दुकानाला किमान १० चौरस मीटर जागा लागते, म्हणजे साधारण १०८ चौरस फूट. आठ फुटांपायी त्याचं डिपॉझिट अडकलं आणि सुताराला दिलेले पैसे गेले ते गेलेच.

म्हणून क्रम लक्षात ठेवा: आधी माणूस, मग जागा, मग कागद, आणि माल सगळ्यात शेवटी. माल शेवटी का, तर १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याचं कलम १८ (सी) लायसन्सशिवाय औषध विकायला मनाई करतं, तशीच औषध विक्रीसाठी साठवायला आणि मांडून ठेवायलाही करतं. ‘उद्घाटनाला रॅक रिकामे दिसतात’ म्हणून आधीच स्टॉक भरणारे मी पाहिलेत. विनालायसन्स धंद्याला कलम २७ खाली किमान तीन वर्षं कैद आहे, ती पाचपर्यंत जाते. शिवाय दंड किमान एक लाख रुपये किंवा जप्त मालाच्या किमतीच्या तिप्पट, यातला जो जास्त असेल तो. रॅक दोन आठवडे रिकामे दिसले तर काही बिघडत नाही.

कायदा केंद्राचा, अंमल राज्याचा. महाराष्ट्रात हे काम अन्न व औषध प्रशासन म्हणजे आपलं एफडीए बघतं. मुख्यालय मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात, पण दुकानाच्या लायसन्ससाठी तिथे जायची गरज नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी सहायक आयुक्त (औषधे) बसतात, विक्रीचं लायसन्स तेच देतात. गोव्यात कायदा हाच, पण कारभार तिथल्या स्वतंत्र संचालनालयाकडे आहे.

आधी फार्मासिस्ट शोधा

दुकानाचा मालक कुणीही असू शकतो. कॉमर्स झालेला, शेती करणारा, निवृत्त शिक्षक, कायद्याची हरकत नाही. पण डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीच दिलं गेलं पाहिजे. दोन वर्षांचा डी.फार्म. किंवा चार वर्षांचा बी.फार्म. केला म्हणजे माणूस नोंदणीकृत होत नाही. १९४८ च्या फार्मसी कायद्याखाली महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलकडे नोंदणी लागते आणि तिचं नूतनीकरणही चालू असावं लागतं. नेमणूक करताना मार्कशीट बघण्याआधी नूतनीकरणाची तारीख बघा. माणसाची नोंदणी दुसऱ्या राज्यात असेल तर ती इथल्या कौन्सिलकडे करून झाल्याशिवाय त्याच्या नावावर अर्ज टाकू नका.

आता अवघड विषय. ‘सर्टिफिकेट लावणं’ हा शब्द तुमच्या कानावर येणारच. नोंदणी एकाची, महिन्याला काही रक्कम घरपोच, आणि काउंटरवर भलताच कुणीतरी. सगळेच करतात, असंही तुम्हाला सांगितलं जाईल. २०१२ च्या सुमारास महेश झगडे एफडीएचे आयुक्त होते, तेव्हा राज्यभर फार्मासिस्टच्या हजेरीवर बोट ठेवलं गेलं आणि विक्रेत्यांच्या संघटना रस्त्यावर आल्या. तेव्हाच्या गोंधळातून मी एवढं शिकलो की दुकान ज्याच्या सर्टिफिकेटवर उभं आहे तो माणूस दुकानात नसेल, तर त्या दुकानाचा खरा मालक तोच असतो. तो रुसला की दुकान बंद. पूर्ण पगार द्या आणि पूर्ण वेळ ठेवा. दुकान सकाळी आठ ते रात्री अकरा चालवायचं असेल तर दोन फार्मासिस्टचा पगार धरूनच हिशोब मांडा. तो हिशोब बसत नसेल तर दुकानाची वेळ कमी करा.

फार्मासिस्ट बदलला तर एका महिन्याच्या आत कार्यालयाला कळवायचं असतं. हे विसरणारे फार. जुना माणूस सोडून जातो, नवा येतो, काम तसंच चालू राहतं, आणि वर्षभराने तपासणीत लायसन्सवर एक नाव आणि खुर्चीत दुसराच चेहरा सापडतो.

जागा

किरकोळ दुकानाला १० चौरस मीटर, होलसेललाही १०, आणि एकाच जागेत दोन्ही करायचं तर १५. माप भिंतींच्या आतलं, चटई क्षेत्रफळाचं. बिल्डरच्या बिल्ट-अप आकड्यावर जाऊ नका, स्वतः मोजा. जागा राहत्या घराचा भाग असेल तर ती घरापासून वेगळी आणि स्वतंत्र दाराची असायला हवी.

मापापेक्षा मला काळजी वाटते ती उन्हाची. कितीतरी औषधांच्या खोक्यावर २५ किंवा ३० अंशांखाली ठेवा असं छापलेलं असतं. मे महिन्यात अकोला-परभणीकडे पत्र्याच्या गाळ्यात ते शक्य आहे का, हे तुम्हीच ठरवा. लसी आणि इन्सुलिनसाठी फ्रिज लागतोच, आत २ ते ८ अंश. फ्रिजमध्ये थर्मामीटर ठेवा आणि इन्व्हर्टर घ्या. लोडशेडिंगमध्ये गरम होऊन बिघडलेलं इन्सुलिन दिसायला अगदी पहिल्यासारखंच दिसतं, आणि ते घेणाऱ्याची साखर का उतरत नाही हे डॉक्टरांनाही कळत नाही.

जागा भाड्याची असेल तर लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदणी केलेला असू द्या. करारातला पत्ता, नकाशातला पत्ता आणि वीजबिलावरचा पत्ता एकच असावा. हसण्यावारी नेऊ नका, यात सगळ्यात जास्त अर्ज परत येतात. लायसन्स त्या पत्त्यापुरतंच असतं. शेजारच्या गाळ्यात दुकान हलवलं तरी ते नव्याने काढावं लागतं.

कोणतं लायसन्स

साध्या मेडिकलला दोन लागतात: फॉर्म २० आणि फॉर्म २१. फॉर्म २१ शेड्यूल सी आणि सी१ साठी (शेड्यूल म्हणजे कायद्याच्या नियमांना जोडलेली यादी), म्हणजे लसी, इन्सुलिन, बरीचशी इंजेक्शनं वगैरे. फॉर्म २० बाकीच्या औषधांसाठी. दोन्हींसाठी अर्ज एकच, फॉर्म १९, आणि सरकारी फी प्रत्येकी १,५०० रुपये. म्हणजे तीन हजार. ‘लायसन्सचे पन्नास हजार लागतात’ असं सांगणारा भेटला तर उरलेले सत्तेचाळीस कशाचे, हे त्याला विचारा.

शेड्यूल एक्स वेगळं. केटामिन, मेथिलफेनिडेट अशी औषधं त्यात येतात. त्यासाठी फॉर्म २०एफ, माल कुलूपबंद, चिठ्ठी दोन प्रतींत आणि तिची एक प्रत दोन वर्षं सांभाळायची. शेजारी मोठं हॉस्पिटल नसेल तर नव्या माणसाने या वाटेला जाऊ नये.

फार्मासिस्ट न ठेवता चिठ्ठी न लागणारी मोजकी औषधं विकायची असतील, किराणा किंवा जनरल स्टोअरबरोबर, तर २०ए आणि २१ए हे मर्यादित लायसन्स आहे. आणि हजारापेक्षा जास्त लोकवस्ती नसलेल्या गावात पॅरासिटामॉल, बाम, ग्राइप वॉटर, कापूस-बँडेज असल्या घरगुती वस्तूंना शेड्यूल के खाली विक्रीच्या लायसन्सची सूट मिळते. मात्र माल लायसन्सधारकाकडून घेतलेला आणि मूळ सीलबंद पॅकमधलाच हवा. वाडी-वस्तीवरच्या किराणा दुकानदाराला हे माहीत नसतं. काही जण उगाच घाबरतात, तर काही जण याच सबबीखाली अँटिबायोटिकही विकतात.

जनऔषधी केंद्र काढायचं तरी हीच लायसन्सं लागतात. फक्त तिथे योजनेची जागेची अट १२० चौरस फुटांची आहे.

अर्ज आणि तपासणी

अर्ज ऑनलाइन होतो. करार, नकाशा, फार्मासिस्टची नोंदणी व नेमणूकपत्र, त्याचा आणि तुमचा ओळखीचा पुरावा, भागीदारी असेल तर डीड, फ्रिजचं बिल, प्रतिज्ञापत्र, अशी फाइल आधी तयार करा आणि मगच लॉगिन करा. अर्धा भरलेला अर्ज आणि पुढे ‘कागद नंतर देतो’ यात महिने जातात. दुकानाची शॉप ॲक्टची नोंद आणि जीएसटी ही वेगळी कामं, ती आपापल्या जागी करून घ्या.

मग औषध निरीक्षक जागा बघायला येतात. त्या दिवशी फार्मासिस्ट हजर हवा, फ्रिज चालू हवा, रॅक आणि काउंटर बसलेलं हवं. ते मोजतात, नकाशाशी ताडून बघतात, फार्मासिस्टला दोन-चार प्रश्न विचारतात. एका नव्या फार्मासिस्टला विचारलं होतं, “शेड्यूल एच१ चं रजिस्टर किती वर्षं ठेवायचं?” तो म्हणाला, “सर, सेठ सांगतील तितकी.” लायसन्स मिळालं, पण उशिरा. अहवाल सहायक आयुक्तांकडे जातो आणि सगळं जागेवर असेल तर लायसन्स निघतं. ते गिऱ्हाइकाला दिसेल असं लावायचं असतं, ड्रॉवरमध्ये नाही. तपासणीच्या नोंदींसाठी फॉर्म ३५ ची वही दुकानात ठेवा.

दुकान सुरू झाल्यावर

खरी परीक्षा इथून पुढे. लायसन्स काढून देणारे पायलीला पन्नास मिळतात, ते टिकवायचं कसं हे सांगणारे कमी.

चिठ्ठीपासून सुरू करू. ती लेखी हवी, तारीख आणि डॉक्टरांची सही हवी, पेशंटचं नाव-पत्ता हवा, औषध एकूण किती आणि कसं घ्यायचं ते हवं. डॉक्टरांनी ‘पुन्हा द्यावे’ असं लिहिलं नसेल तर तीच चिठ्ठी दुसऱ्यांदा चालत नाही. व्यवहारात बीपीच्या गोळ्या घेणारे आजोबा सहा महिने तीच चिठ्ठी आणतात आणि त्यांना परत पाठवणं जिवावर येतं. मी त्यांना पुढच्या भेटीत डॉक्टरांकडून किती महिने ते लिहून आणायला सांगतो. दोन-तीनदा सांगितलं की डॉक्टरही आपणहून लिहायला लागतात.

बदली ब्रँडचा घोळही इथलाच. चिठ्ठीत शेड्यूल एच (चिठ्ठीशिवाय न देता येणारी औषधं) किंवा एक्सचं औषध एका कंपनीचं लिहिलंय आणि तुमच्याकडे त्याच घटकाचं दुसऱ्या कंपनीचं आहे. “सेम आहे, फक्त कंपनी वेगळी” म्हणून द्यायला नियम परवानगी देत नाही. घटक तोच असला तरी नाही. मला हा नियम आजच्या जेनेरिकच्या काळाशी विसंगत वाटतो, पण नियम आहे तो आहे. डॉक्टरांना फोन करा, ते बदल लिहून देतील.

शेड्यूल एच१ १ मार्च २०१४ पासून लागू झालं. प्रतिजैविकांना जंतू दाद देईनासे झाले, म्हणून वरच्या पातळीची अँटिबायोटिक, क्षयाची औषधं आणि काही सवय लागणारी औषधं वेगळी काढली गेली. पाकिटावर लाल चौकटीत इशारा असतो. यासाठी वेगळं रजिस्टर: डॉक्टरांचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध, किती दिलं. तीन वर्षं जपून ठेवायचं. रात्री दुकान बंद करताना आठवून भरायचं म्हटलं तर ते कधीच जुळत नाही. स्ट्रिप हातात असतानाच लिहा.

सगळ्यात जास्त वेळ मला बिलांवर घालवायचा आहे. निरीक्षक नमुना घेतात तेव्हा त्याची किंमत देऊ करतात आणि नमुन्याचे चार भाग करतात. एक भाग तुम्हाला मिळतो, तो नीट ठेवा. औषध प्रयोगशाळेत नापास ठरलं तर पहिला प्रश्न येतो: कुणाकडून घेतलं? कलम १९ (३) इथे तुमच्या पाठीशी उभं राहतं. माल लायसन्सधारकाकडून घेतला होता, दोष तुम्हाला माहीत नव्हता आणि रास्त काळजी घेऊनही कळला नसता, आणि माल आला तसाच नीट साठवला होता, हे दाखवता आलं तर जबाबदारी तुमच्यावर येत नाही. दाखवायचं कशाने? पक्क्या बिलाने, ज्यावर विक्रेत्याचा लायसन्स नंबर आणि बॅच नंबर आहे. पाच टक्के जास्त सूट देतो म्हणून मोटरसायकलवरून कच्च्या चिठ्ठीवर माल टाकून जाणारा जो कोणी आहे, तो त्या पाच टक्क्यांत तुमचं हे सगळं संरक्षण विकत घेतो. बॅच नंबर बिलाशी जुळतो का, हे माल उतरवतानाच बघा. स्टॉकिस्टचा पोरगा घाईत असतो, त्याला थांबू द्या.

एक्स्पायरीचा माल विक्रीच्या रॅकवर नको. वेगळी पेटी, वर ‘विक्रीसाठी नाही’ असा कागद, आणि वेळेत स्टॉकिस्टला परत. डॉक्टरांसाठीची फुकट सॅम्पलं काउंटरवर दिसली तर सबब चालत नाही. एमआरपीपेक्षा एक रुपयाही जास्त नको. २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशाप्रमाणे कंपन्यांच्या किमतीची यादी गिऱ्हाइकाला दिसेल अशी ठेवायची असते.

लायसन्सला आता ‘मुदत संपली’ असा प्रकार नाही. ऑक्टोबर २०१७ च्या बदलानंतर ते चालू राहतं, पण दर पाच वर्षांनी ते कायम ठेवण्याची फी भरावी लागते. उशीर झाला तर महिन्याला दोन टक्के जादा, तेही सहा महिन्यांपर्यंतच. त्यानंतर लायसन्स रद्द समजलं जातं. पूर्वी नूतनीकरणाची आठवण तारखेमुळे राहायची, आता लोक निर्धास्त होऊन विसरतात. भागीदार बदलला, फर्म प्रायव्हेट लिमिटेड झाली, तरी जुनं लायसन्स जास्तीत जास्त तीन महिने चालतं. तेवढ्यात नवं काढायचं.

होलसेल

फॉर्म २०बी आणि २१बी. इथे फार्मासिस्ट हवाच असं नाही. दहावी पास आणि औषधांच्या धंद्यातला चार वर्षांचा अनुभव, किंवा पदवी आणि एक वर्षाचा अनुभव असलेला माणूसही चालतो. अनुभवाचं पत्र खरं असू द्या. पडताळणी होते. गिऱ्हाइकाचा लायसन्स नंबर घेतल्याशिवाय माल सोडू नका.

बनवायचं असेल तर

इथे खेळ बदलतो. फॉर्म २४ वर अर्ज करून फॉर्म २५ चं लायसन्स, आणि सी-सी१ साठी २७ वर अर्ज करून २८ चं. विक्रीचं लायसन्स दुकानाला मिळतं, हे मात्र जागेबरोबरच तुम्ही बनवणार त्या एकेका उत्पादनालाही लागतं. निर्मितीवर देखरेख करणारा माणूस अनुभवी हवा: फार्मसीचा पदवीधर असेल तर पदवीनंतर किमान अठरा महिने उत्पादनातला अनुभव. तपासणी विभागाचा प्रमुख त्याच्यापासून स्वतंत्र हवा. बनवणाराच स्वतःच्या मालाला पास करतो, असं चालत नाही. देशात नवं असलेलं औषध असेल तर आधी दिल्लीच्या केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेची मंजुरी लागते.

कारखान्याचे नियम शेड्यूल एममध्ये आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये ते नव्याने लिहिले गेले. २५० कोटींपेक्षा जास्त उलाढालीच्या कंपन्यांना आधी लागू झाले. छोट्यांना मुदतवाढ मिळाली, तीही २०२५ च्या अखेरपर्यंतच. त्यामुळे नव्याने येणाऱ्याने जुन्या शेडमध्ये दोन मशीन टाकून सुरू करायचा विचारच करू नये.

हे इतकं कडक का, याचं उत्तर मुंबईत आहे. १९८६ मध्ये जे.जे. रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरीनमुळे चौदा रुग्ण दगावले. ग्लिसरीनमध्ये डायइथिलिन ग्लायकॉल होतं. हे औद्योगिक द्रव्य मूत्रपिंडं निकामी करतं. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने चौकशी केली, तेव्हा पुरवठादारापासून एफडीएपर्यंत कुणीच सुटलं नाही. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याची मूत्रपिंडं निकामी झालेली मुलं उपचारासाठी नागपूरला आणली जात होती, तेव्हा कारण तेच निघालं. तमिळनाडूत बनलेल्या खोकल्याच्या सिरपमध्ये ते द्रव्य ४८.६ टक्के सापडलं. ग्लिसरीन, प्रॉपिलिन ग्लायकॉल, सॉर्बिटॉल यांचा प्रत्येक ड्रम वापरण्याआधी तपासा. ‘पुरवठादाराने सर्टिफिकेट दिलंय’ हे वाक्य जे.जे.च्या वेळीही म्हणून झालेलं आहे.

स्वतःचा कारखाना नको, पण माल आपल्या देखरेखीखाली बनवायचाय, तर लोन लायसन्स आहे: फॉर्म २४ए वर अर्ज, फॉर्म २५ए चं लायसन्स, कारखाना दुसऱ्याचा. नुसता दुसऱ्याने बनवलेला माल आपल्या ब्रँडने विकायचा असेल तर होलसेलचं लायसन्स पुरतं. पण लेबलवर ‘मार्केटेड बाय’ म्हणून तुमचं नाव छापलं जातं, आणि त्या मालाच्या दर्जाची जबाबदारी कायद्याने तुमच्यावरही येते.

जाता जाता, घरच्या घरी केसांचं तेल किंवा गुडघ्याचा लेप बनवून व्हॉट्सॲपवर विकणाऱ्या ताईंसाठी. आयुर्वेदिक औषध विकायला लायसन्स लागत नाही, पण बनवायला लागतं, फॉर्म २५-डी. तेल नुसतं सुगंधी सौंदर्यप्रसाधन असेल तर २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांखालचं लायसन्स. आणि ‘मधुमेह मुळापासून बरा’ असं लिहिलं की १९५४ चा औषधे व जादूटोणादी उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा वेगळाच मागे लागतो.

नोटीस आली तर

घाबरून नुसता माफीनामा लिहू नका आणि दुर्लक्षही करू नका. कारणे दाखवा नोटिशीतल्या प्रत्येक मुद्द्याला वेगळं उत्तर द्या, सोबत बिलांच्या आणि रजिस्टरच्या प्रती जोडा, आणि पोच घ्या. फार्मासिस्ट त्या दिवशी खरोखर रजेवर होता का? असेल, तर त्या वेळेत चिठ्ठीवरची विक्री झाली नव्हती हे बिलांच्या वेळांवरून दाखवा. लायसन्स निलंबित किंवा रद्द झालं तर आदेशाच्या तारखेपासून तीन महिन्यांत राज्य सरकारकडे अपील करता येतं. निलंबनाच्या काळात शटर अर्धं उघडून ओळखीच्या लोकांना औषधं देऊ नका. पहिल्या नोटिशीतून सुटलेले काही जण त्या अर्ध्या शटरमुळे पुन्हा अडकलेत.